दांडा आला! आमच्या बांधावरच्या घायपाताची जुनी हकीकत



मागच्या आठवड्यात उत्तरेकडच्या बांधावरच्या घायपाताचा फोटो टाकला, तेव्हापासून फोन थांबत नाहीत. कुणी विचारतंय हा बांबू आहे का, कुणी म्हणतंय घायपाताला एवढा उंच दांडा येतो हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तिघाचौघांनी कळकळीने सांगितलं, "काका, दांडा लगेच छाटा, नाहीतर झाड मरेल." एका कृषी पदवीच्या विद्यार्थिनीने प्रश्न केला की हे झाड आपल्याकडचंच ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळीत होण्यासारखं नाही, म्हणून आज लांबलचक लिहितोय. खत-फवारणीची पोस्ट पुढच्या रविवारी.

आधी दांड्याबद्दल. डिसेंबरात गड्ड्याच्या मधोमध जाड कोंब दिसला. शेजारी बांबू रोवून त्याला रोज खूण करत गेलो. जोरात असताना दिवसाला चार-पाच बोटं वाढत होता. फेब्रुवारीत तो आमच्या माडाच्या खालच्या झावळ्यांना भिडला, वर फांद्या फुटल्या, हिरवट फुलांचे झुबके आले. सकाळी मधमाश्या आणि शिंजीर, काळोख पडला की वटवाघळं. आता वैशाखात फुलं गळून त्याच जागी शेकडो बारकी रोपं बसली आहेत, प्रत्येकाला चार-पाच पानं. खाली आईची पानं मात्र पिवळी पडून लोंबायला लागली. इतकी वर्षं पानांच्या बुडाशी आणि गड्ड्यात साठवलेली साखर तिने दांड्यात ओतली, आता ती संपत आली.

दांडा छाटून ती वाचत नाही. केळीसारखं समजा. वाढीचा जो शेंडा नवीन पानं काढतो, त्याच शेंड्याचा दांडा झालेला असतो. छाटलात तर खोड काही महिने, कधी वर्षभर जास्त तग धरेल, बुडातून दोन पिल्लं जास्त फुटतील, पण मधून नवं पान येणार नाही. मेक्सिकोत शेतकरी दांडा येण्याच्या बेतात असतानाच मधला गाभा कोरून काढतात, त्या खळग्यात रोज गोड रस गोळा होतो आणि तो आंबवून पुल्के नावाचं पेय करतात. आपल्या नीरा-ताडीचाच भाऊ. तिथेही झाड शेवटी जातंच.

आता हे झाड कुठलं? नावावरून सुरुवात करू. आमच्याकडे घायपात, घाटावर केकताड, हिंदी मुलखात रामबांस. घायपात म्हणजे घाय करणारी पात असं माझ्या कानाला वाटतं. ज्याला एकदा टोक लागलंय त्याला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही. कानडीत कत्ताळे म्हणतात, आणि गंमत अशी की तोच शब्द कोरफडीच्या कुळालाही चालतो. म्हणजे नवीन झाड आलं, लोकांनी बघितलं की हे आपल्या कोरफडीसारखंच, जमिनीतून गोल पानांचा फुलोरा काढणारं, मांसल, काटेरी. मग जुन्याच नावाला पुढे-मागे जोड दिली. युरोपातही हेच झालं. तिकडच्या पंडितांनी सुरुवातीला याला अमेरिकन कोरफड म्हटलं. लिनियसने १७५३ मध्ये अगेव्ह हे वेगळं नाव दिलं, ग्रीक शब्दावरून, अर्थ थोर किंवा दिमाखदार. कोरफड आणि घायपात यांचं नातं लांबचं. कोरफडीचं पान कापलं की गीर आणि पिवळा चिकट रस, धागा नाही. घायपाताचं पान कापा, चाकू अडकतो.

जाती ओळखायला सोप्या आहेत, एकदा बांधावर उभं राहून बघा. पान अरुंद, लांब, करडट हिरवं, कडेला वाकडे आकड्यासारखे काटे आणि टोकाला काळा सुयासारखा काटा असेल तर ते आपलं जुनं घायपात, अगेव्ह कँटाला. पान रुंद, निळसर राखाडी, जाड, वर वळलेलं असेल तर अगेव्ह अमेरिकाना. कडेला काटे जवळजवळ नाहीत, फक्त टोकाला आहे, पान तलवारीसारखं सरळ, तर ते सिसल. आणि पान चकचकीत हिरवं, थोडं मऊ, टोकाला टोचत नाही असं असेल तर ते घायपाताचं चुलत भावंड, मॉरिशस हेंप म्हणतात ते. कोकणात सगळ्यांनाच सरसकट घायपात म्हणतात, त्यामुळे माहिती वाचताना घोळ होतो. एकाने सांगितलं काटे नसतात, दुसऱ्याने सांगितलं असतात. दोघेही खरे, झाडं वेगळी.

यातलं एकही झाड मूळचं भारतातलं नाही. अख्खं कुळ अमेरिका खंडातलं, त्यातही मुख्य घर मेक्सिको. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे घायपात असणं शक्य नाही. मग ते वसईच्या बांधावर कसं आलं?

इथे मला दोन माणसं आणि एक साल फार आवडतं. साल १५३४. त्या सप्टेंबरात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्याला उतरला, आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. ओर्ता पुढे या भागात फिरला, कान्हेरीची लेणी त्याने बघितली, मुंबई बेटच त्याला वार्षिक खंडाने मिळालं होतं. त्याने १५६३ मध्ये गोव्यात वनस्पती आणि औषधांवर पुस्तक छापलं, त्यात कोरफडीच्या वाळवलेल्या रसावर, म्हणजे आपल्या काळ्या बोळावर, आख्खं प्रकरण आहे. सोकोत्रा बेटाचा बोळ उत्तम असं त्याचं मत. घायपातावर प्रकरण नाही.

दुसरा माणूस क्लूसियस. वनस्पतीवेडा. १५६४ च्या सुमारास स्पेन-पोर्तुगाल पालथं घालत असताना त्याला ओर्ताचं पुस्तक मिळालं, त्याने ते लॅटिनमध्ये आणलं आणि १५६७ मध्ये छापलं. त्यामुळेच आपल्या कोकण-मलबारची झाडं सगळ्या युरोपला कळली. आणि याच प्रवासात याच क्लूसियसने स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ मठाच्या बागेत मेक्सिकोहून आलेलं घायपात बघितलं, आणि १५७६ च्या आपल्या पुस्तकात त्याचं चित्र छापलं. एकाच माणसाच्या झोळीत इकडची कोरफड आणि तिकडचं घायपात. तेव्हा जहाजं मेक्सिको, स्पेन, लिस्बन, गोवा, वसई अशी एकमेकांना जोडलेली होती, आणि दुसऱ्या बाजूने मेक्सिको ते मनिला अशी स्पॅनिश गलबतांची वाट होती. या वाटांनीच घायपात आशियात उतरलं.

आणलं कशाला हेही समजून घ्या. घायपाताचं बारकं रोप मातीशिवाय, पाण्याशिवाय महिनोन् महिने जिवंत राहतं. जहाजाच्या तळात टाकलं तरी कोंब धरतं. आंब्याची कोय तशी टिकत नाही, रोपटं तर नाहीच. आणि जहाजाला दोर लागतो. पान ठेचलं की दोर. असं झाड खलाशी विसरेल का?

पोर्तुगीज वसईत २०५ वर्षं होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. माणसं गेली, झाडं राहिली. अननस, पेरू, पपई, काजू, मिरची, रताळं हे सगळं त्याच काळात आणि त्याच वाटेनं आलेलं. आपण आज मिरचीला परदेशी म्हणत नाही. आता एक जवळचं उदाहरण देतो. आपल्या पालघर जिल्ह्याची शान कोण, तर डहाणू-घोलवडचा चिकू, भौगोलिक मानांकन मिळालेला. चिकूचं मूळ घर मेक्सिकोतलं युकातान आणि आसपासचा भाग, आणि चिकू हे नावसुद्धा तिकडच्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं. सिसल घायपाताचं घरही युकातानच. म्हणजे हे दोघे एकाच गावचे. एकाला आपण ठिबक, शेणखत, छाटणी सगळं देतो. दुसरा बांधावर, गुरांच्या लाथा खात.

पुढचा टप्पा इंग्रजांचा. कलकत्त्याच्या सरकारी बागेचा प्रमुख रॉक्सबर्ग, याने १८१४ च्या बागेच्या यादीत आपल्या घायपाताची नोंद घेतली, त्याच नोंदीतून कँटाला हे नाव पुढे चालत आलं. त्यानंतर नव्वद वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ड्रमंड आणि प्रेन या दोघांनी भारतातल्या सगळ्या घायपातांवर सविस्तर टिपण काढलं. त्यांच्यापुढची अडचण मजेशीर होती. इथल्या बांधावरची काही घायपातं मेक्सिकोतल्या कुठल्याच नमुन्याशी नीट जुळेनात. शेवटी काहींना त्यांनी नवी जात म्हणून नावं दिली. परदेशातून आलेल्या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन भारतातल्या कुंपणावरून व्हावं, असा हा प्रकार.

असं का झालं हे कळायला परत दांड्याकडे बघा. आमच्या झाडाला एवढी फुलं आली पण बोंडं जवळपास नाहीत. कँटाला बी क्वचितच धरते. जे वाढतं ते दांड्यावरच्या रोपांनी नाहीतर बुडाच्या पिल्लांनी. म्हणजे बाप नाही, संकर नाही, कलम केल्यासारखं तेच झाड पुढे. हापूसचं कलम जसं मूळ हापूसच असतं, तसं. माझ्या आजोबांनी लावलेलं घायपात, त्यांना ज्याने पिल्लू दिलं त्याचं घायपात, आणि मागे जात जात जहाजातून उतरलेलं पहिलं रोप, हे सगळं एकच झाड, फक्त जागा बदलत आलेलं. वसईच्या किल्ल्यातली चर्चं पडली, दगड लोकांनी नेले, शिलालेख झिजले. बांधावरचा हा जीव तेव्हापासून आजपर्यंत एकदाही न मरता इथपर्यंत आलाय. उद्या दांड्यावरचं रोप मी पिशवीत लावीन, तेव्हा तोच जीव पुढे जाईल. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी दुपारभर बांधावर बसून होतो. कामं पडली होती, पण बसलो.

बरं, हे झालं येण्याचं. राहिलं कशाच्या जोरावर? कुंपण आणि दोर.

कुंपणाचं रेल्वेने फार वाढवलं. आपल्याकडून जाणारी मुंबई-बडोदा लाईन १८६० च्या दशकात झाली, आणि १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. गाडी आली की गुरांचा प्रश्न आला. रुळावर म्हैस आली तर म्हैसही जाते आणि गाडीही घसरते. तार महाग, विलायतेहून आणायची. काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला मिळालं तेच मुळी १८७४ मध्ये, म्हणजे विरारची लोकल सुरू झाल्यावर सात वर्षांनी. मग हद्दीवर स्वस्तात काय लावायचं? घायपात. देशभर रेल्वेच्या कडेला याच्या रांगा लागल्या, जुन्या लाईनींवर अजून तुकडे दिसतात. पाणी नको, राखण नको, गुरं तोंड लावत नाहीत, दरवर्षी पिल्लं घालून रांग आपणहून दाट होते. लोकांनी रेल्वेच्या रांगेतून पिल्लं उचलून आपल्या वाडीला लावली. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी पिल्लू विकत कुणी घेत नसे, मागत पण नसे, रात्री जाऊन उपटून आणायचं.

आणि दोर. इथे खरा मान घाटावरच्या लोकांचा आहे. कोकणात काथ्या आहे, सुंभ आहे, केळीचं सोपट आहे, आमचं भागतं. देशावर मात्र केकताडाचा वाख म्हणजे शेतीचा कणा होता. मातंग समाजाने पिढ्यान् पिढ्या वाख, अंबाडी, ताग यांचे दोर वळले. मोटेचा नाडा आणि सोल, बैलाचा कासरा, वेसण, दावं, शिंकं, मुसकं. बैलपोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या अंगावर नवा दोर चढायचा तो त्यांच्या हातचा, आणि बदल्यात बलुतं, खळ्यावरचं धान्य. नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल उताणा, म्हणजे दोर वळणाऱ्याच्या हातावर माणसाचा आणि जनावराचा जीव. एवढं कसब असून गावात जागा कुठे होती हे आपण सगळे जाणतो. ते इतिहासात लिहिताना लाज वाटली पाहिजे, मला वाटते.

वाख काढणं सोपं काम नाही. बाहेरची पिकलेली पानं कापायची, काटे तासायचे, मोगरीने ठेचायची, जुड्या बांधून पाण्यात आठवडा-दोन आठवडे कुजवायची, मग आपटून, धुऊन, वाळवून विंचरायची. शंभर किलो हिरव्या पानातून तीन-चार किलो सुका धागा. बाकी सगळं पाणी आणि लगदा. आणि त्या रसाने हातापायाला अशी खाज सुटते की रात्री झोप नाही. सुईसारखे बारीक स्फटिक असतात त्यात.

आमच्या घरातही एकदा हा उद्योग झाला. आजोबा तरुण असताना, दोराचे भाव वाढले म्हणून त्यांनी बांधावरची पानं ठेचली आणि जुड्या घरामागच्या बावखलात बुडवल्या. (वसईबाहेरच्यांसाठी: बावखल म्हणजे वाडीतलं पावसाच्या पाण्याचं चौकोनी तळं. तेच विहिरीला पाणी पुरवतं, त्याच्यावरच आमच्या वाड्या जगल्या.) चौथ्या दिवशी मासे पांढरं पोट वर करून तरंगायला लागले. वास इतका की शेजारच्या तीन वाड्या भांडायला आल्या. पणजीने जुड्या आपल्या हाताने बाहेर ओढल्या आणि आजोबांना महिनाभर भाताबरोबर मासा वाढला नाही. आज कळतं की घायपाताच्या रसात साबणासारखं फेस आणणारं द्रव्य असतं, सॅपोनिन, ते माशांच्या कल्ल्यांना मारतं, आणि वर कुजण्याने पाण्यातला प्राणवायू संपतो. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की झाड विषारी. ठेवलं ते फक्त कुंपणाला. कुणाला वाख काढायचाच असेल तर वेगळा खड्डा किंवा टाकी करा, बावखलात, ओढ्यात, विहिरीजवळ अजिबात नाही.

धाग्याच्या मोठ्या धंद्याची गोष्ट दुसरीकडे घडली. युकातानने आपलं सिसल कुणाला द्यायचं नाही असा कडक बंदोबस्त ठेवला होता. पण पेराइन नावाच्या अमेरिकन वाणिज्यदूताने १८३० च्या दशकात तिथून रोपं फ्लोरिडात पाठवली होती. तो स्वतः १८४० मध्ये तिथल्या एका हल्ल्यात मारला गेला, झाडं मात्र कुणी न बघता वाढत राहिली. १८९३ मध्ये हिंडोर्फ या जर्मन कृषितज्ज्ञाने फ्लोरिडातून १००० रोपं मागवली, पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, लावायला. वाटेत मरत मरत पोचली ६२. त्या ६२ रोपांपासून टांझानियाचे सिसलचे मळे उभे राहिले आणि काही काळ तो देश सगळ्या जगाला दोर पुरवत होता. आमच्या एका दांड्यावर या घडीला त्या ६२ च्या कितीतरी पट रोपं आहेत, म्हणून सांगतो. आपल्या देशातही सिसल आलं, ओडिशात संबळपूरकडे बामरा इथे त्यासाठी वेगळं सरकारी संशोधन केंद्र आहे, पण महाराष्ट्रात ते पीक म्हणून कधी मोठं झालं नाही.

मग नायलॉन आलं, त्याच्यामागून प्लास्टिकचा निळा-हिरवा दोर. कुजत नाही, खाजवत नाही, बाजारात वजनावर मिळतो. टांझानियाचे मळे बसले, घाटावरचं दोर वळणं बसलं, मोटेची जागा पंपाने घेतली तेव्हा नाडाच गेला. आज सिसलमध्ये ब्राझील पुढे आहे. आपल्याकडे उरलं बांधावरचं घायपात, आणि बांधावरही आता सिमेंटचे पोल आणि तार.

आता हेच झाड नर्सरीत कुंडीत बसलंय. पांढऱ्या कडांची, वाटोळी, ठेंगणी, नाना तऱ्हेची, सक्युलंट म्हणून. माझ्या भाचीने विरारच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक ठेवलं होतं, रोज सकाळी पाणी घालायची, दोन महिन्यांत कुजलं. ती म्हणाली, "मामा, उन्हाळा होता म्हणून घालत होते." तिचं चुकलं नाही, तिला कुणी सांगितलं नव्हतं. घायपात दिवसा तोंड मिटून बसतं. पानाची छिद्रं रात्री उघडतं, हवा आत घेऊन साठवतं आणि दिवसा उन्हात बंद दाराआड अन्न करतं. अननस आणि निवडुंगाचीही हीच रीत, शास्त्रात तिला कॅम म्हणतात. त्यामुळे पाणी फारच थोडं उडतं. आपल्या वसईत उन्हाने घायपात मरत नाही, जून ते सप्टेंबरच्या पाण्याने मरतं. चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि याचं मूळ कोरड्या डोंगराचं.

म्हणून आमच्याकडचा अनुभव सांगतो. लावायचं ते उंचवट्यावर. बांधाच्या माथ्यावर, मुरूम-दगड घालून हातभर वर. खाजणाच्या कडेला, पाणी तुंबतं तिथे लावलेली माझी पाच झाडं पहिल्याच पावसात बुडातून सडली, ओढलं तर पूर्ण गड्डा हातात आला. शेणखत घालू नका, निदान बुडाशी तरी नाही, माजतं आणि मऊ पडतं. कुंडीत असेल तर अर्धी वाळू-खडी, पावसाळ्यात पागोळीच्या आत सरकवा, आणि पाणी तेव्हाच द्या जेव्हा बोट खुपसून खालपर्यंत कोरडं लागेल. दांड्यावरची रोपं वीतभर झाली की झाडावरून काढायची, दोन-तीन दिवस सावलीत पडू द्यायची म्हणजे बुडाची जखम सुकते, मग वाफ्यात नाहीतर पिशवीत वर्षभर वाढवायची. थेट बांधावर लावलं तर गवत गिळून टाकतं. पायवाटेपासून दोन हात लांब. घरात लहान मूल असेल तर टोकाचा काटा नखाएवढा कापून टाका, झाडाला काही होत नाही, डोळा वाचतो. आणि दर दोन वर्षांनी पिल्लं काढा, नाहीतर बांध तुमचा राहत नाही, त्याचा होतो.

बांधावरून आठवलं. हे सगळं आत्ता लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. उत्तरेकडची शेजारची वाडी गेल्या वर्षी विकली गेली. नव्या मालकाला भिंत घालायची आहे. त्यांचा माणूस आला, घायपाताची रांग बघून म्हणाला हे जंगली काटे काढून टाका, आमची हद्द तुमच्या माडापर्यंत येते. म्हणजे चार-साडेचार फूट आत. भांडण नको म्हणून दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला. त्या आधी मी दांड्याच्या आईच्या बुडाची सुकलेली पानं कोयत्याने साफ करायला घेतली. तिसऱ्या थराखाली, गड्ड्याला चिकटून, मातीत अर्धा गाडलेला घडीव दगड निघाला. माथ्यावर छिन्नीची फुली. हद्दीचा दगड. आजोबांनी घायपात मुद्दाम त्याच्याच पोटाशी लावलं होतं, म्हणजे दगड कुणी हलवायला गेला तर आधी काटे. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. वडिलांनाही सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि ते विसरले.

मोजणी झाली. रेघ दगडावरून गेली. नव्या मालकाने मान्य केलं, भिंत एक फूट त्यांच्या बाजूला घेणार आहेत, आणि माणूस बरा निघाला हे सांगितलं पाहिजे. पण पाया खणायला जेसीबी येईल तेव्हा रांगेतली सात झाडं जाणारच, मुळं तिकडे पसरलेली आहेत. दांड्याची आई तर तशीही या पावसात बसेल. सातांची पिल्लं मी काढून दक्षिणेच्या बांधावर नेली आहेत, परवाच.

राहिली दांड्यावरची रोपं. मोजायला बसलो तर सहाशेच्या पुढे गेल्यावर नातू कंटाळला. माझ्याकडे फार तर शंभराची जागा आहे. ज्यांना हवीत त्यांनी मृग लागायच्या आत येऊन न्यावीत, पैसे नाहीत. पिशवी आपली आणा, आणि हातमोजे.